धागा: वळवाच्या दिवसांत चोर्ल्याकडच्या पठारावर तंबू टाकायचा म्हणतोय, काय काय बघावं?

बेळगावी_भटक्या | १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही सात-आठ जण एका रात्रीच्या मुक्कामाला निघायचं म्हणतोय. त्यात तिघं कॉलेजची पोरं, माझा पुतण्या धरून. डोक्यात बेळगाव-गोवा रस्त्यावरचं, कणकुंबीच्या पुढचं, चोर्ला घाटाकडचं पठार आहे. तंबू भाड्यानं मिळालेत.

अडचण अशी की गेला आठवडाभर रोज चारनंतर आभाळ भरून यायलंय. काल शहापुरात गारा पडल्या. घरचे म्हणतात जाऊ नका, पोरं म्हणतात पाऊस आला तर जास्तच मजा. तंबू वॉटरप्रूफ आहे असं दुकानदार म्हणाला, त्यावर ३००० असा काहीतरी आकडा लिहिलाय. पावसाचं ठीक, खरं विजेचं आणि वाऱ्याचं काय? जाणत्यांनी सांगावं. नुसतं "जाऊ नका" एवढंच लिहायचं असेल तर ते घरी ऐकून झालंय.

---

सुळगा_एक्स्प्रेस | १२ मे, रात्री ९.५८

जावा की बिनधास्त! वळीव म्हणजे काय, तास-अर्धा तास धिंगाणा घालतोय आणि जातोय. मग मातीचा वास, गार वारा. तंबूची चेन लावून आत बसायचं आणि पत्ते कुटायचे.

---

घाटवाट | १२ मे, रात्री ११.१५

भटक्या, तंबू कुठला आणि आकडा किती हे नंतर बघू. आधी एकाच गोष्टीचं उत्तर दे. विजा कडाडायला लागल्या की तंबूतनं उठून तुम्ही जाणार कुठं?

ह्याचं उत्तर नसेल तर ती जागा मुक्कामाची नाही, मग तिथनं गोव्यापर्यंतचा देखावा का दिसेना. तंबूचं काम पाऊस थोपवायचं. विजेपुढं तो म्हणजे अंगावर ओढलेली चादर. आत बसला काय नि बाहेर उभारला काय, धोका तेवढाच. उघड्या पठारावर तर आजूबाजूच्या गवतापेक्षा उंच असा तोच एकटा असतो. सुळगा म्हणतोय तसं चेन लावून पत्ते कुटणं म्हणजे आपण सुरक्षित आहोत अशी स्वतःची समजूत घालणं.

भरवशाच्या जागा दोनच. एक म्हणजे पक्कं घर, ज्यात वायरिंग आणि नळाचे पाइप आहेत. वीज पडली तरी बहुतेक करंट त्या तारा-पाइपांतनं जमिनीत उतरतो. म्हणून आत गेल्यावर भिंतीला टेकायचं नाही, नळाला हात लावायचा नाही, चार्जरला लावलेला फोन धरायचा नाही. दुसरी जागा म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली बंद चारचाकी, काचा वर करून. टायर रबराचे म्हणून गाडीत माणूस वाचतो असं सगळे सांगतात, ते चूक. करंट गाडीच्या पत्र्यावरनं बाहेरच्या बाहेर उतरतो म्हणून वाचतो. त्यामुळं मोटरसायकल, ताडपत्रीची जीप, ट्रॅक्टर हे धरायचे नाहीत. चार खांबांवरचं पत्र्याचं शेड आणि एसटी थांब्याची शेड पावसाला चालेल, विजेला नाही.

आता अंतराचं. वीज चमकली की मोजायला लागायचं. आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर येतो. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्याजवळ पडायला तेवढं अंतर काहीच नाही. ढगाखालीच, पावसातच वीज पडते असंही नाही. डोक्यावर ऊन असताना बाजूच्या ढगातली वीज येऊन पडते. म्हणून खरं तर मोजत बसण्यापेक्षा पहिला गडगडाट ऐकला की उठायचं हेच बरं. आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. लोक इथंच घाई करतात, पाऊस थांबला म्हणून चहा टाकायला बाहेर पडतात.

माझा हिशेब: मे महिन्यात तंबू आणि गाडी किंवा पक्कं छप्पर ह्यात चालत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. अंधारात, पावसात, घाबरलेल्या पोरांना घेऊन चालायची दहा मिनिटं, दिवसाढवळ्या एकट्यानं मोजलेली नव्हे.

---

टिळकवाडी_रेश्मा | १३ मे, सकाळी ७.२०

मग पठारावर जायचं कशाला? गाडीला चिकटून झोपायचं तर आमच्या अंगणात झोपा की.

---

घाटवाट | १३ मे, सकाळी ८.०५

रेश्माताई, लांब जायला डिसेंबर-जानेवारी आहेत. तेव्हा आभाळाची भीती नसते, थंडीची असते. मे महिन्यात दिवसाचे दोन भाग पाडायचे. वळीव बहुधा दुपारनंतर उठतो. सकाळभर जमीन तापते, समुद्राकडनं येणारी ओली हवा घाट चढते आणि तीन-चार वाजेपर्यंत ढग उभा राहतो. तेव्हा पहाटे निघा, पठारभर हिंडा, दुपारी दोनच्या आत खाली गाडीपाशी या. एकदा वळीव कोसळून गेला की रात्र बहुतेक स्वच्छ असते. बहुतेक म्हणालो, नेहमी नाही.

---

कणकुंबीवाला | १३ मे, सकाळी १०.३०

गावाकडचा माणूस म्हणून सांगतो. आमच्याकडं विजेनं माणसापेक्षा जनावरं जास्त मरतात आणि ती सुद्धा झाडाखाली. पाऊस आला की म्हशी झाडाखाली गोळा होतात. झाडावर वीज पडली की करंट मुळांवरनं जमिनीत चारी बाजूला पसरतो. म्हशीचे पुढचे पाय आणि मागचे पाय ह्यात अंतर मोठं, एका पायानं करंट चढतो, छातीतनं जाऊन दुसऱ्या पायानं उतरतो. पाच-पाच म्हशी एका जागी आडव्या, अंगावर ओरखडा नाही. माणूस पाय फाकून उभारला तरी तेच.

सुटी उभी असलेली झाडं, देवराईच्या कडेचा उंच वृक्ष, विजेचा खांब, मोबाईलचा टॉवर, ह्यांच्यापासनं लांब. शेताला रानडुकरांसाठी तारेचं कुंपण असतंय, त्याला हात लावायचा नाही. लांब कुठं वीज पडली तरी तारेतनं तुमच्यापर्यंत येते.

दुसरं. पठार पठार म्हणून जे सांगताय तिथली बरीच जमीन वनखात्याची आहे, चोर्ल्याच्या अलीकडं भीमगड अभयारण्य लागतंय. न विचारता तंबू टाकला तर गुन्हा होतो. अस्वल, गवा आहेच. आधी खात्याच्या ऑफिसात विचारा, नाहीतर गावात कुणाच्या तरी मालकीच्या रानात परवानगीनं टाका. गावाजवळ राहिला तर घाटवाट म्हणतात ते छप्परही मिळतंय.

---

वडगाव_विणकर | १३ मे, दुपारी १.१०

मोबाईल बंद ठेवायचा ना? मोबाईलवर वीज पडते म्हणतात. आणि हातातलं कडं, गळ्यातली चेन काढून ठेवायची का?

---

निपाणीकर | १३ मे, दुपारी २.००

विणकर मामा, मोबाईल वीज ओढून घेत नाही. चेन-कडंही नाही. वीज उंची बघते, एकटेपणा बघते, टोक बघते. अंगावरच्या धातूनं भाजण्याची खूण उठू शकते, पण त्याच्यामुळं वीज येत नाही. मोबाईल उलट चालू ठेवा, मदतीला तोच लागेल. चार्जरला लावून बोलू नका एवढंच.

मोबाईलमध्ये पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या. तुमच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर कळवतं. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचं 'सिडिलु' ॲपही आहे. पण एक लक्षात घ्या, जांबोटी सोडून पुढं गेलं की नेटवर्क येतं-जातं. ॲप गप्प आहे म्हणून आभाळ गप्प आहे असं समजू नका. कान आणि डोळे हेच शेवटी.

आणि अंदाज बघताना आपल्या जिल्ह्याची एक भानगड आहे. 'बेळगावी जिल्हा, ऑरेंज अलर्ट' असं हवामान खातं लिहितं तेव्हा त्यात कणकुंबीही येते आणि अथणीही. कणकुंबी-आमगाव म्हणजे कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी, आणि अथणीकडं लोक टँकरची वाट बघतात. एकाच जिल्ह्याचा एकच रंग. पश्चिमेकडं जाणार असाल तर बेळगावीच्या जोडीनं गोव्याचा आणि कोल्हापूरचा इशारा बघा. तुमचं पठार तिन्हींच्या मधोमध आहे. ढग-पाऊस कुठं आहे ते दाखवणारा, आपल्याला सगळ्यात जवळचा डॉप्लर रडार पणजीचा. हवामान खात्याच्या साइटवर त्याचं चित्र मिळतं, निघायच्या आधी दुपारी ते बघावं. तीन तासांपुरता ताजा अंदाज, म्हणजे नाऊकास्टही असतो, वळवाला आठवड्याच्या अंदाजापेक्षा तोच कामाचा.

---

सुळगा_एक्स्प्रेस | १३ मे, दुपारी २.२५

एवढं सगळं बघत बसलं तर घरातनं कोण बाहेर पडणार? बरं, तिकडं गुहा आहेत की. बारापेडेला नाही का? गुहेत शिरायचं, विषय संपला.

---

कणकुंबीवाला | १३ मे, दुपारी ३.४५

सुळगा, बारापेडेची गुहा दुर्मिळ वटवाघळांची आहे आणि अभयारण्यात आहे. तिथं असं शिरता येत नाही. आणि उथळ कपारीत, कड्याच्या वळचणीला बसणं विजेत सगळ्यात वाईट. करंट कड्यावरनं खाली उतरताना कपारीच्या तोंडाशी उडी मारतो, मधे तुमचं डोकं असतंय.

---

बेळगावी_भटक्या | १३ मे, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार. समजा फिरताना मधेच गाठलं आणि गाडी लांब आहे, तर नेमकं काय करायचं? पोरांना तोंडपाठ करून ठेवतो.

---

घाटवाट | १३ मे, रात्री १०.१०

पठाराच्या कडेवरनं, टेकाडावरनं खाली उतरायचं. जवळपास सारख्या उंचीची ठेंगणी झाडी असेल तर तिच्यात, बुंध्यांपासनं लांब. पाण्यातनं बाहेर. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून घोळका करायचा नाही, पंधरा-वीस मीटर अंतर ठेवून पसरायचं. एकाला लागली तर बाकीचे त्याला वाचवायला उरले पाहिजेत. आडवं झोपायचं नाही. पाय जुळवून उकिडवं बसायचं, खाली सॅक किंवा चटई. खरं सांगायचं तर ह्या बसण्यानं फार काही वाचतं असं नाही, दुसरं काहीच हातात नसताना करायचं ते. हातात असताना चालत राहून छप्पर गाठलेलं केव्हाही चांगलं. अंगावरचे केस उभे राहायला लागले, कातडीला मुंग्या आल्या, तर मात्र चालायचं नाही, जागीच बसायचं.

---

मलप्रभाकाठ | १४ मे, सकाळी ६.५५

सगळे वर आभाळाकडंच बघायलेत. जरा खाली पण बघा.

मे महिन्यात खानापूर भागात ओढे कोरडे, मलप्रभेत डबकी, म्हादईच्या पात्रात खडक उघडे. पात्रातली वाळू मऊ, सपाट, वाऱ्याच्या आडोशाला. तंबू टाकायला असली जागा दुसरी दिसणार नाही, आणि लोक टाकतातही. वळीव तुमच्या डोक्यावर पडायला पाहिजे असं नाही. वर कुठं तरी तासभर ढग फुटल्यासारखा पडला की जांभ्याच्या पठारावर पाणी मुरत नाही, सगळं एकदम ओढ्यात येतं. तुमच्यावर चांदणं असताना ओढ्याला लोंढा येतो.

खुणा सांगतो. पाण्याचा रंग गढूळ होतो, पालापाचोळा, काटक्या, फेस तरंगत येतो, आणि आवाज बदलतो, खळखळ जाऊन जड घरघर येते. ह्यातलं एक जरी झालं तरी सामान गोळा करत बसायचं नाही. माणसं वर काढायची, बाजूला, काठावर. ओढ्याच्या खालच्या अंगाला पळायचं नाही, पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

तंबू पात्रात नको, पात्राच्या वळणावर नको, दोन ओढ्यांच्या बेचक्यात तर मुळीच नको. काठावरच्या झुडपांना अडकलेलं गेल्या वर्षीचं गवत, प्लास्टिक किती उंचीवर आहे ते बघा. पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं आहे. त्याच्याही वर तंबू. धरणाच्या खालच्या अंगाला असाल तर गावात विचारा, पाणी सोडायच्या आधी भोंगा होतो का, कधी सोडतात.

आणि परत येताना मोरीवरनं पाणी जात असेल तर गाडी घालायची नाही. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी माणसाचा तोल घालवतं, ३० सेंटिमीटरला लहान गाडी सरकायला लागते, ६० ला मोठी पण तरंगते. २०१९ च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यानं कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम पुरात बघितल्यात, नवीन सांगायला नको. लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती, भोवतीनं पाणी वाढत गेलं. तिथं जाताना पाणी घोट्याएवढं असणार, एवढंच लक्षात ठेवा.

---

टिळकवाडी_रेश्मा | १४ मे, सकाळी ९.१५

मलप्रभाकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. मुलं वज्रपोह्याच्या धबधब्याला जाऊन पाण्याच्या कडेला बसून रील काढतात, त्यांना हा धागा पाठवतेय.

---

चंदगडी_मामा | १४ मे, दुपारी १२.४०

भटक्या, चोर्ल्याचा हट्ट सोड. आमच्या चंदगड तालुक्यात महिपालगडला ये, नाहीतर पारगडला. महिपालगडावर गावच आहे, गाडी वरपर्यंत येते, देवरवाडीचं वैजनाथाचं देऊळ वाटेवर. पारगडावर वस्ती आहे, भवानीचं देऊळ आहे. गड म्हणजे उंच जागा, वीज तिथं जास्तच, ते कबूल. खरं पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी घरात असशील. दगडी देवळात वायरिंग-नळ नसेल तर ते घराएवढं पक्कं नाही, तरी तंबूपेक्षा बरं. आत मधोमध बसायचं, खांबाला टेकायचं नाही, घंटेच्या साखळीला हात लावायचा नाही.

आता वाऱ्याचं, त्याबद्दल अजून कुणी बोललं नाही. वळवाचा पाऊस यायच्या आधी वारा येतो. ढगातनं गार हवा खाली आदळते आणि जमिनीवरनं पसरत पुढं धावते. उकडत असताना एकदम गार झुळूक आली, धुरळा उठला, की पाऊस पाच-दहा मिनिटांवर. हा वारा कुठनं येईल ह्याचा भरवसा नाही. पावसाळ्यात तसं नसतं, वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा ठरलेला, तंबूची पाठ तिकडं करून दार उलट बाजूला ठेवलं की झालं. वळवात चारी बाजूच्या दोऱ्या ताणलेल्या पाहिजेत. बरेच जण त्या दोऱ्या पिशवीतनं काढतच नाहीत.

जांभ्यावर खुंट्या घुसत नाहीत, वाकतात. दोरी मोठ्या धोंड्याला गुंडाळायची, त्यावर दुसरा धोंडा. मातीत असेल तर खुंटी तंबूच्या उलट बाजूला कलती ठोकायची. खालचं प्लास्टिक तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये. बाहेर आलं की वरनं ओघळलेलं पाणी त्यावर जमतं आणि बरोब्बर तुझ्या पाठीखाली येतं. आतल्या बाजूला दुमडायचं.

तुझ्या त्या ३००० चं सांगतो. कापडावर ३००० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी झिरपत नाही असा अर्थ. आकडा चांगला आहे. खरं शिवणीला टेप नसेल तर आकड्याचा उपयोग शून्य. घरी अंगणात उभा कर आणि पाइपनं पाणी मार, भाड्याच्या तंबूला हे केल्याशिवाय नेऊ नको.

आणि झाडं. सरकारी लागवडीतली अकेशिया, नीलगिरी बघून सावलीला म्हणून खाली तंबू टाकतात. वळवात पहिल्यांदा तीच मोडतात, मुळासकट आडवी होतात. वाळकी फांदी डोक्यावर लोंबत नाही ना हे दिवसाउजेडी मान वर करून बघायचं.

---

सुळगा_एक्स्प्रेस | १४ मे, दुपारी १.०५

मामा, आता महाराष्ट्रात बोलवायलात तर आमच्या लाल-पिवळ्या कन्नड झेंडेवाल्यांना काय सांगायचं 😄

---

व्यवस्थापक | १४ मे, दुपारी ३.३०

ह्या प्रतिसादाखाली सीमाप्रश्नावर आलेले अकरा प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तो चालूच आहे आणि चालूच राहील. इथे फक्त मुक्काम आणि हवामान.

---

डॉक्टरीणबाई | १४ मे, रात्री ९.००

उशिरा वाचला धागा. तीन गोष्टी लिहिते, तिन्ही दवाखान्याच्या दाराशी येईपर्यंत उशीर होतो अशा आहेत.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही. त्याच्या अंगात करंट साठून राहत नाही. हा गैरसमज माणसं मारतो, कारण लोक लांब उभे राहून बघत बसतात. विजेनं हृदय बंद पडतं, बऱ्याचदा ते आपोआप पुन्हा सुरूही होतं, पण श्वास बंदच राहतो आणि त्यापायी माणूस जातो. म्हणून अनेकांना एकदम लागली तर नेहमीच्या उलट करायचं. ओरडणारा, कण्हणारा श्वास घेतोय, तो थांबू शकतो. निपचित पडलेल्याकडं आधी धावायचं. छातीच्या मधोमध तळहातानं दाबायचं, मिनिटाला १०० ते १२०, प्रौढ माणसाची छाती ५-६ सेंटिमीटर आत गेली पाहिजे. शिकलेलं असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास तोंडानं. विजेच्या रुग्णात हे श्वास खरंच महत्त्वाचे. एकानं तेवढ्यात ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा. दमलात की दुसऱ्यानं हात बदलायचा.

दुसरं, थंडी. बेळगावचा माणूस थंडीनं मरेल हे कुणाला पटत नाही. त्याला बर्फ लागत नाही. गारा पडून गेल्यावर किंवा जुलैत घाटमाथ्यावर तापमान पंधरा-वीसच्या मधे असतं, अंग ओलंचिंब आणि वर वारा, एवढं पुरे. शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की बिघडायला लागतं. आधी कुडकुडतो. मग बोलणं जड होतं, साधी गाठ मारता येत नाही, पाय अडखळतो, चिडचिड करतो. आणि कुडकुडणं थांबलं तर बरं वाटलं असं समजू नका, ते वाईट लक्षण. ओले कपडे सगळे काढायचे, कोरडे घालायचे, जमिनीपासून वेगळं करायचं, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा. हातपाय जोरात चोळायचे नाहीत. सुती बनियन आणि जीन्स ओली झाली की थंडी धरून ठेवते. लोकर ओली असतानाही ऊब देते, आपल्या धनगरांचं घोंगडं उगाच नाही.

तिसरं. पाऊस आला म्हणून शेगडी किंवा स्टोव्ह तंबूच्या आत घेऊन दार लावणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला उठत नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो वायू येतच असतो. विजेच्या भीतीनं गाडीत बसाल तेव्हा इंजिन बंद ठेवा. सायलेन्सर चिखलात किंवा पाण्यात गेला असेल तर धूर आत येतो.

---

सुळगा_एक्स्प्रेस | १४ मे, रात्री ९.२०

डॉक्टरीणबाई, चोर्ल्यावरनं खाली उतरलं की काजूची फेणी मिळती. थंडीला दोन घोट औषध म्हणून?

---

डॉक्टरीणबाई | १४ मे, रात्री ९.३५

दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटतं कारण आतली ऊब बाहेर चाललेली असते. कुडकुडणंही कमी होतं. घरी पोचल्यावर काय करायचं ते करा.

---

वडगाव_विणकर | १४ मे, रात्री ९.५०

😂 सुळगा आउट.

---

बेळगावी_भटक्या | १५ मे, रात्री ८.१५

घरात बसून पुतण्यासकट सगळ्यांना हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: चोर्ला रद्द. महिपालगड, गावाच्या कडेला, मामांच्या सांगण्याप्रमाणं. दोन्ही गाड्या जवळ. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी दोनच्या आत जागेवर. पहिला गडगडाट झाला की तंबू, भांडी, स्पीकर जिथल्या तिथं टाकून सगळे गाडीत, आणि मी म्हणेपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही. दुपारी रडारवर मोठा ढग दिसला तर तंबू टाकायचाच नाही, हॉटेलात जेवून बेळगावला परत. हे पोरांना मान्य नव्हतं, घरच्यांना होतं.

तंबूवर आज पाइपनं पाणी मारलं. एका तंबूच्या शिवणीतनं धार लागली. परत देऊन दुसरा आणला.

एक विचारायचं राहिलं. रात्री झोपेत वळीव आला तर? पहिला गडगडाट झोपेत कोण ऐकणार?

---

घाटवाट | १५ मे, रात्री ९.३०

पाळी लावा. दोन-दोन तासांची, मोठ्या माणसांची. संध्याकाळी ढग फुटून मोकळा झाला असेल आणि चारी बाजूला चांदण्या दिसत असतील तर पाळी नसली तरी चालेल. क्षितिजावर नुसती लखलख दिसते, आवाज येत नाही, तर ढग लांब आहे, पण तो कुठं सरकतोय ते बघणारा एक जण जागा पाहिजे. तसं असेल तर मी पोरांना सरळ गाडीत झोपवीन. गाडीची किल्ली एकाच्या खिशात नको, टायरवर ठेवायची ठरलेली जागा असावी. आणि बूट तंबूच्या आत घ्या, घालायच्या आधी झटका. पहिल्या पावसानं साप, विंचू बाहेर पडतात.

---

चंदगडी_मामा | १५ मे, रात्री १०.०५

गाडीत आठ जणांना झोप लागणार नाही. गावात पोचल्या पोचल्या शाळेची चावी कुणाकडं असते ते विचार आणि त्या माणसाचा नंबर घेऊन ठेव. रात्री दोनला दार ठोठावलं तर गावातलं कुणी नाही म्हणणार नाही, खरं आधी दिवसा तोंडओळख झालेली असली तर बरं. जाताना त्यांच्यासाठी बेळगावचा कुंदा घेऊन जा.

---

टिळकवाडी_रेश्मा | १५ मे, रात्री १०.२०

कुंदा दोन डबे घ्या, एक पोरंच संपवतील. आणि भटक्या, आमच्याकडं दोन जुनी घोंगडी पडून आहेत. उद्या संध्याकाळी सहानंतर येऊन घेऊन जा, वाळवून परत द्या म्हणजे झालं.